पांढऱ्या दोऱ्याच्या कळ्या

माझ्या मावशीने चौतीस वर्षं भोपळे मोजले. नुसते मोजले नाहीत, त्यांची रोजची जाडी आणि लांबी मोजली. कळीच्या बुडाशी तिळाएवढा भोपळा दिसायला लागला त्या दिवसापासून त्याची वाढ थांबेपर्यंत, रोज सकाळी, एकाच वेळी. लहानपणी मी वर्गात सांगितलं होतं, की माझी मावशी शास्त्रज्ञ आहे. ते तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाईंना सांग, मावशी पट्टी आहे. शास्त्रज्ञ पट्टी हातात धरतात."

ती कामाला होती ते वनस्पतींचं संशोधन केंद्र गावाच्या कडेला होतं. बैठ्या खोल्यांची एक रांग, मागे शेड आणि त्यामागे लांबलचक काचघर. काचघरात शिरलं की चष्म्यावर वाफ धरायची. दोन्ही बाजूंना तारेवर चढवलेले वेल, मधे एक माणूस जेमतेम जाईल एवढी वाट. डावीकडे मोठा वाण. त्याचा भोपळा पूर्ण वाढला की दोन हातांनी उचलावा लागे. उजवीकडे लहान वाण. त्याचा भोपळा मुठीत मावे. मोठ्याच्या कळ्यांना तांबडा दोरा, लहानाच्या कळ्यांना पांढरा. दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक.

मावशीची उंची बेताची. लोक बेताची म्हणत, कारण ती समोर असायची. केंद्रातून मिळणारे एप्रन सगळ्यांना एकाच मापाचे, त्यामुळे तिच्या बाह्या कायम तीन घड्या घालून वर केलेल्या. मोठ्या वाणाच्या वरच्या कळ्यांसाठी तिला स्टूल लागायचं. तिथला माळी जिभेने धारदार होता आणि हातातलं हत्यार कधी खाली ठेवत नसे, म्हणून त्याला सगळे खुरपं म्हणत. तो रोज स्टूल आणून ठेवायचा आणि रोज तेच बोलायचा, "या, मूर्ती लहान, कीर्ती महान." ती चढता चढता म्हणायची, "कीर्ती राहू दे, स्टूल धर." काचघरात सगळे तिला मावशीच म्हणत. लहानपणी मला त्याचा राग यायचा. मावशी माझी होती.

हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी होता. ज्यांनी तो सुरू केला त्यांना मोठे सर म्हणत. दोन्ही वाणांचं बी जवळपास सारखं दिसतं, कळीच्या बुडाशी दिसणारा पहिला ठिपका दोन्हींत तिळाएवढाच असतो, मग एक दोन हातांत मावत नाही आणि दुसरा मुठीत मावतो, हे नेमकं कधी ठरतं? लहान भोपळा हळू वाढतो, की लवकर थांबतो? एवढंच. मावशी मला हे समजवायची तेव्हा जिन्याचं उदाहरण द्यायची. दोघीजणी जिना चढतायत. एक वर पोचली, दुसरी मधेच दिसते. ती दमून सावकाश चढतेय, की मधल्या मजल्यावर तिचं घरच आहे? ते कळायला प्रत्येक पायरीवर तिच्याकडे बघत राहावं लागतं. त्याच बाईकडे.

सुरुवातीला तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. चोविसाव्या वर्षी ती लागली तेव्हा तिला व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, कशी वाचायची ते शिकवलं, ओळी आखलेली वही दिली आणि म्हणाले, मोजा. तिच्या आधीच्या मोजणीदाराला काढून टाकलं होतं, हे खुरप्याने पहिल्याच आठवड्यात तिच्या कानावर घातलं.

भोपळ्याच्या मादी कळ्या गळतात. सगळ्या नाही, पण बऱ्याच. आज मोजलेली कळी उद्या पिवळी पडते, परवा दोऱ्यासकट खाली. तिसऱ्या महिन्यात बाहेरून पाहुणे आले आणि मोठ्या सरांनी त्यांच्यापुढे तिची वही उघडली. पानावर जागोजागी रिकामे रकाने होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला बोलावलं आणि वहीवरून नजर न उचलता म्हणाले, "बाई, रकाना रिकामा असला की वाचणारा समजतो, त्या दिवशी तुम्ही आला नव्हता."

ती एकही दिवस चुकली नव्हती. पण ते तिला बोलता आलं नाही. वडील नुकतेच गेले होते, आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी बहीण, म्हणजे माझी आई, अजून शिकत होती. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या दोऱ्याची चौदा नंबरची कळी गळून पडलेली दिसली. मावशीने इकडेतिकडे बघितलं. त्याच वेलीवर, दोन पेरं पुढे, तेवढीच एक कळी होती. तिने व्हर्निअर लावून बघितलं. अगदी तेवढीच. तिने गळलेल्या कळीचा दोरा सोडवला आणि या कळीला बांधला. चिठ्ठी तीच, नंबर तोच. रकाना भरला.

तिला वाटलं, वेल एक, बी एक, वाण एक. एकीच्या जागी तिची बहीण उभी केली तर काय बिघडलं?

मग ती सवय झाली. पुढच्या हंगामाची वही बघून मोठे सर म्हणाले, "आता कसं." त्यांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे ती शाबासकी होती. वर्षातून दोन हंगाम, हंगामाला एक वही. सर कळ्यांचे ब्लेडने पातळ काप काढत, सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली पेशी मोजत. एका पावसाळी दुपारी काम नव्हतं, म्हणून त्यांनी तिलाही बघायला बोलावलं. म्हणाले, भोपळा लहान असताना त्याच्या पेशी विभागत असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग एक दिवस त्या विभागणं सोडून देतात आणि पुढे नुसत्या फुगत राहतात. लहान वाणात तो दिवस आधी येतो असा मला संशय आहे. दोन्हींचा संकर केला तर तो दिवसही मधेच कुठेतरी येतो. म्हणजे भोपळ्याला वारशाने मिळतं ते आकारमान नव्हे, थांबायचा दिवस मिळतो. पण सिद्ध करायला प्रत्येक कळीची पहिल्या दिवसापासूनची नोंद हवी. मधे खंड नको.

तिला नोकरीला लागून तेव्हा आठ वर्षं झाली होती. डोळा काचेला लावलेलाच होता. ती मला म्हणाली होती, की आपण काय करून बसलोय ते तिला त्या क्षणी कळलं, आणि डोळा काढायची भीती वाटली.

तिने निवडलेली शेजारची कळी तेवढ्याच मापाची असे, पण तेवढ्याच वयाची नसे. कुणी चार दिवस आधी जन्मलेली, कुणी नंतर. जिन्यावरची बाई मधेच बदलली होती आणि वहीत ती एकच होती. शिवाय गळायच्या त्या कळ्या वहीत कधी गळल्याच नव्हत्या. वहीतल्या अशा ओळीत जो भोपळा वाढला, तो वेलीवर कधी नव्हताच.

तेव्हाच का थांबली नाहीस, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "थांबले असते तर रकाने पुन्हा रिकामे दिसले असते. मग सरांनी विचारलं असतं, आठ वर्षं गळली नाही ती कळी आता कशी गळायला लागली?"

म्हणून ती थांबली नाही. फक्त जास्त काळजी घ्यायला लागली. जोडीची कळी निवडताना माप जुळलं तरी देठ बघायची, रंग बघायची, कालची वाढ किती असेल याचा अंदाज घ्यायची. या कामात तिच्याएवढं तरबेज कुणी नसेल. या कामाला नाव नव्हतं, आणि ते ती करते हे कुणाला माहीतही नव्हतं.

मोठे सर दरवर्षी म्हणायचे, अजून दोन हंगाम, मग लिहून टाकू. लिहिलं नाही. ते निवृत्त झाले, पुढे वारलेही. मोजणी बंद करा असं कुणी कळवलं नाही, म्हणून ती चालू राहिली. चौदा वर्षं मावशी रोज सकाळी कळ्या मोजत होती आणि वह्या शेडमधल्या फळीवर चढत होत्या. एकही वही कुणी उघडली नाही. खुरपं म्हणायचं, "मावशी, तुम्ही आणि मी नसलो तर या भोपळ्यांना आपण केवढे आहोत तेसुद्धा कळणार नाही."

आई आणि मावशीच्या लहानपणीची एक गोष्ट आमच्या घरात हसत सांगितली जायची. मावशी मोठी, म्हणून तिचे फ्रॉक तोकडे झाले की आईकडे यायचे. मावशी बारा वर्षांची झाली आणि कपडे उलटे वाहायला लागले. धाकटीला तोकडे झालेले फ्रॉक थोरलीला. शेजारपाजारच्यांना करमणूक. मावशी स्वतःही हसायची. पण एकदा एप्रनच्या बाह्यांच्या घड्या घालता घालता ती मला म्हणाली, "मी काही हळू वाढले नाही हं. तुझ्या आईच्या बरोबरीनेच वाढत होते. आधी थांबले, एवढंच." भोपळ्यांकडून तिने स्वतःसाठी काही घेतलं असेल तर एवढंच घेतलं.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना केंद्रात नवीन बाई आल्या. तरुण, हुशार, बोलायला साध्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी शेड झाडून घेतली तेव्हा त्यांना फळीवर चौसष्ट वह्या सापडल्या. त्या फळीखालीच जमिनीवर बसल्या आणि जेवणाची वेळ टळून गेली तरी वाचत राहिल्या. मग काचघरात येऊन मावशीला म्हणाल्या, की जगात कुठेही कुणी एवढी वर्षं हे मोजलं नसेल. आपण हे छापू. लेखावर तीन नावं असतील. मोठ्या सरांचं, माझं आणि तुमचं.

मावशी त्या दिवशी आमच्याकडे आली ती दारातच उभी राहिली. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "माझं नाव छापणारेत." आणि बसली. तिला आनंद झालाय की धाप लागलीय ते कळत नव्हतं. मी तेव्हा परीक्षेच्या सुट्टीत घरी होते. मी तिला मिठी मारली. तिने मला मारू दिली.

पुढचे काही महिने ती वेगळी वागत होती. केसांना जरा नीट वळण, चष्म्याची नवी फ्रेम. मॅडमनी एकदा सहज विचारलं होतं, मावशी, तुम्हाला काय वाटतं, लहान किती दिवस आधी थांबतो? मावशी क्षणभरही न थांबता म्हणाली, पाच. मॅडम हसल्या होत्या. बघू या वह्या काय म्हणतात. हा पाच तिने आम्हाला कितीदा तरी ऐकवला.

मग मॅडमनी आकडे एकापुढे एक मांडायला घेतले आणि आठव्या दिवशी काचघरात आल्या. हातात वही होती. त्या गोंधळलेल्या होत्या, रागावलेल्या नव्हत्या. "मावशी, मी स्वतः दोन हंगाम बघितलंय, तिसरा हिस्सा कळ्या गळतात. तुमच्या इतक्या वर्षांत एकही गळली नाही?"

मावशी म्हणाली, "उद्या सांगते."

खुरप्याला ती सगळं बोलली. त्याला बहुधा माहीत होतं. एवढी वर्षं तिच्यामागे दोऱ्यांचे तुकडे झाडणारा तोच. तो म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हाचं खत चांगलं होतं म्हणा. मॅडमना वह्या हव्यात, तुम्हाला नाव हवंय. भोपळ्याची साक्ष कोण काढतंय?"

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. आईचंही तेच मत पडलं. आई म्हणाली, चोरी केलीस का, लबाडीचा पैसा खाल्लास का, रकाने भरायला सांगितले ते भरलेस. मावशी ऐकत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तू पुस्तकं शिकतेस ना, एका पुस्तकाची पानं गळली आणि तिथे दुसऱ्याची घातली तर चालतं का? मी म्हटलं, वाचणाऱ्याला कळलं नाही तर चालून जातं.

"चालून तर गेलंच आहे," ती म्हणाली. मग तिने चहाचा कप विसळून पालथा घातला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं. सरांचं बोलणं सांगितलं नाही, ते मॅडमना फार नंतर खुरप्याकडून कळलं. मावशीने एवढंच सांगितलं, की गळलेल्या कळीच्या जागी ती शेजारची धरायची, पहिल्यापासून. मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, सगळं वाया जाईलच असं नाही. कुठल्या कळ्या बदलल्या तेवढ्यावर खूण करा. त्या बाजूला काढू. उरलेल्या तरी वापरता येतील. तीन आठवडे घ्या.

म्हणजे एक दार किलकिलं होतं.

मावशी शेडमध्ये बसली. टेबलावर चौसष्ट वह्या, भिंग आणि तांबडी पेन्सिल. सांधा शोधायचा होता. जिथे कळी बदलली असेल तिथे आकड्यात बारीकशी उडी असणार, किंवा अडखळ. मी दोनदा तिला डबा द्यायला गेले होते. ती आकड्यांच्या ओळीवरून बोट फिरवायची, आंधळ्या माणसाने भिंत चाचपावी तसं. थांबायची, परत मागे जायची. तिचंच अक्षर, तिचेच आकडे, एकेक ओळ गुळगुळीत. दुसऱ्या वेळी मी विचारलं, सापडतंय का? तिने भिंग खाली ठेवलं.

"फार चांगल्या निवडल्या गं मी," ती म्हणाली. "सांधाच दिसत नाही."

तीन आठवड्यांत तिला अकरा खुणा करता आल्या. एक आठवली, कारण त्या दिवशी दोरा कापताना अंगठा कापला होता आणि पानावर डाग होता. एक, कारण त्या दिवशी आजी गेली, तरी ती सकाळी मोजून मग सुट्टी मागायला गेली होती. अशा अकरा. बदललेल्या कळ्या हजारावर असतील असा तिचाच अंदाज होता. उरलेल्यांवर खूण करायची तर अंदाजाने करावी लागली असती, आणि तिने ती केली नाही. मॅडमनी अकरा खुणा असलेल्या वह्या हातात घेतल्या आणि एकेक खूण बघत गेल्या. शेवटी मावशीच म्हणाली, "नाही ना वापरता येणार?"

"नाही, मावशी."

"मला ठाऊक होतं. तुम्ही तीन आठवडे दिले, म्हणून बसले."

निवृत्तीच्या दिवशी चार शब्द बोलले गेले, खुरप्याने भोपळ्यावरून एक विनोद केला, लोक हसले. त्याआधीच काचघरात तारेवर कॅमेरे लागले होते. ते दर तासाला प्रत्येक कळीचं छायाचित्र घेत आणि कळी गळली की गळलेल्या जागेचंही घेत राहत. मॅडम म्हणाल्या, एखादी वही आठवण म्हणून घेऊन जा. मावशीने नको म्हटलं. एप्रन मात्र आणला, तोही धुवून परत करायचा होता म्हणून. शेडची जागा हवी होती, वह्या रद्दीत निघाल्या. पुढे एकदा ती निवृत्तीच्या कुठल्याशा कागदावर सही करायला केंद्रात गेली, तेव्हा खुरपं बियांसाठी पुड्या बांधत बसलं होतं. पुड्यांवर तिचे आकडे होते. तो ओशाळला. ती म्हणाली, "बांध, बांध. कागद चांगला होता."

त्यानंतर ती घरीच असते. दोन गल्ल्या पलीकडे तिची एक खोली आहे. खिडकीत कुंडी नाही. सकाळी त्याच वेळेला जाग येते, मग ती पडून राहते. आईने जुना कोट दिला, तो तिला घोट्यापर्यंत येतो. तोच घालून ती दूध आणायला जाते.

गेल्या महिन्यात मॅडमचा लेख छापून आला. माझ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला तो मिळाला, तशी मी त्याची प्रत घेऊन तिच्याकडे गेले. मॅडमचं नाव होतं, आणखी दोघांची होती. शेवटी आभारांत काचघराच्या कर्मचाऱ्यांचे एकत्र आभार होते. मी तिला निष्कर्षाचं वाक्य आपल्या भाषेत सांगितलं. दोन्ही वाण सारख्याच वेगाने वाढतात, लहान वाणातल्या पेशींचं विभाजन सरासरी पाच दिवस आधी थांबतं.

"पाच," मी पुन्हा म्हटलं. मला वाटलं होतं तिला काहीतरी वाटेल.

ती पलंगाच्या कडेवर बसली होती. पाय जमिनीला पुरत नव्हते. तिने विचारलं, "गळल्या किती?"

मी शोधलं. एका तक्त्याखाली बारीक अक्षरात होतं. साठ कळ्यांवर दोरा बांधला, तेवीस गळल्या.

"लिहिलंय तसं?"

"लिहिलंय."

तिने कागद मागितला. तिला ती भाषा येत नाही, पण आकडे येतात. तक्त्यावर जिथे जिथे रकाने रिकामे होते तिथे तिथे बोट ठेवत ती मनाशी मोजत गेली. तेवीस भरले. मग तिने कागदाची घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, आता निघ, तुझी गाडी चुकेल.